सर्वात उत्तरेची जमीन आणि कॉफी क्लब

सावनी_के

मंडळी, एक करंडक माझ्या कपाटात अडकलाय. सोडवायला मदत करा.

झालं असं. आमच्या सोसायटीत गणपतीत प्रश्नमंजूषा असते. यंदा प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात आलं. शेवटच्या फेरीत मी विचारलं, "जगातली सर्वात उत्तरेकडची जमीन कोणती?" माझ्याकडच्या जुन्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात उत्तर होतं ऊदाक बेट. बी विंगच्या गटाने तेच सांगितलं आणि मी दहा गुण देऊन मोकळी झाले. तेवढ्यात सी विंगमधली सातवीतली एक मुलगी उठली. "काकू, ते बेटच नाहीये. कॅफेक्लुबेन बरोबर आहे." सगळा मंडप हसला. मला वाटलं पोरीला भूक लागलीय.

घरी येऊन शोधलं तर कॅफेक्लुबेन खरंच आहे! ग्रीनलंडच्या उत्तर टोकापाशी, ८३ अंश ४० मिनिटं उत्तर. साधारण ७०० मीटर लांब, ३०० मीटर रुंद. आमच्याकडे सकाळी चालायला जातात त्या टेकडीएवढं. पूर्ण नाव 'कॅफेक्लुबेन ओ'. डॅनिशमध्ये ओ म्हणजे बेट, एका अक्षराचा शब्द. म्हणजे सरळ सरळ 'कॉफी क्लबचं बेट'!

तर माझे दोन प्रश्न. बरोबर उत्तर नक्की कोणतं, कारण अर्ध्या ठिकाणी ऊदाक लिहिलंय, काही ठिकाणी केप मॉरिस जेसप, आणि एके ठिकाणी भलतंच लांबलचक चौथं नाव. आणि दुसरं, पृथ्वीवरची जमीन जिथे संपते त्या जागेला कॉफी क्लबचं नाव? शोभतं का हे? तुम्ही असता तर काय ठेवलं असतं?

टवाळ_टोणगा

अमृततुल्य बेट.

चकली

टोणग्या, पहिल्याच प्रतिसादात धागा भरकटवायचा मान तुझाच.
सावनी, सी विंगच्या मुलीला माझ्यातर्फे चॉकलेट.

भूमास्तर

(निवृत्त भूगोल शिक्षक, त्यामुळे लांबण लागेल. माफी आधीच मागतो.)

सावनीताई, आधी नावाचं सांगतो. हे बेट रॉबर्ट पिअरी या अमेरिकी ध्रुवप्रवाशाला १९०० साली दिसलं. त्याने तिथे पाऊल ठेवलं नाही, नावही दिलं नाही. पाऊल ठेवलं ते १९२१ मध्ये लाउगे कोक या डॅनिश भूगर्भशास्त्रज्ञाने. हान्स एगेडे हा धर्मोपदेशक १७२१ मध्ये ग्रीनलंडला पोहोचला होता, त्याला दोनशे वर्षं झाली म्हणून निघालेली ती मोहीम. इनुइट (तिथले मूळ रहिवासी) साथीदार, कुत्र्यांच्या गाड्या, आणि खाण्याची मदार बरीचशी वाटेतल्या शिकारीवर. कोपनहेगनच्या खनिज संग्रहालयात शास्त्रज्ञांचा एक कॉफी क्लब होता. दुपारी जमायचं, कॉफी प्यायची, एकमेकांच्या दगडांवर वाद घालायचे. कोकने त्या कट्ट्याचं नाव बेटाला दिलं.

गंमत अशी की तेव्हा हे सर्वात उत्तरेचं बेट आहे याची कोणाला कल्पनाच नव्हती. तो मान होता केप मॉरिस जेसपचा. हे टोक ग्रीनलंडच्या मुख्य भूमीवर, कॅफेक्लुबेनच्या पश्चिमेला तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. जेसप हे न्यूयॉर्कचे सावकार (बँकवाले म्हणा) आणि पिअरीला पैसा पुरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. १९६९ मध्ये कॅनडाच्या एका पथकाने मोजमाप केलं तेव्हा लक्षात आलं की कॉफी क्लबचं टोक जेसपसाहेबांच्या पुढे उत्तरेला गेलंय. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं ते बेट साधं बेट होतं आणि एका दिवसात विक्रमवीर झालं.

अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे पावणेदोन किलोमीटरपेक्षा थोडं जास्त. इथे सगळी भांडणं एखाद-दोन मिनिटांची आहेत, म्हणून एवढा घोळ.

टवाळ_टोणगा

थांबा थांबा. कोक नावाच्या माणसाने कॉफीचं नाव दिलं??

चकली

😂😂 हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं

वाटसरू

मास्तर, छान माहिती. वाचनखूण साठवली.

पण मला सावनी यांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचंय. कॉफी क्लब हे नाव हास्यास्पद वाटतं कारण ते कोणाला तरी खूश करण्यासाठी दिलेलं नाही. बाकीच्या नकाशाकडे बघा. त्या सगळ्या किनाऱ्यावर पिअरीला पैसे देणाऱ्यांची यादी चिकटवलीय. केप मॉरिस जेसप, त्याच्या पूर्वेला केप ब्रिजमन (त्याच मंडळाचे चिटणीस). देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं कोरतात ना, 'कै. अमुकतमुक यांचे स्मरणार्थ रु. ५०१', हुबेहूब तसं.

आणि कहर म्हणजे क्रॉकर लँड. १९०६ मध्ये पिअरीने कॅनडाच्या एल्समिअर बेटाच्या वायव्येला लांबवर डोंगर दिसल्याचं सांगितलं आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज क्रॉकर या देणगीदाराचं नाव त्याला दिलं. १९१३ मध्ये ती जमीन शोधायला मॅकमिलन नावाच्या माणसाची एक आख्खी मोहीम गेली. मॅकमिलनच्या लोकांना पण ते डोंगर दिसले! दऱ्या, शिखरं, सगळं. सोबतचे इनुइट म्हणत होते, हे धुकं आहे, पुढे जाऊ नका. हे गेले. डोंगर जागा बदलत राहिले आणि सूर्य फिरला तसे विरून गेले. मृगजळ. थंड हवेच्या थरांमुळे क्षितिजापलीकडचा बर्फ उचलल्यासारखा दिसतो.

म्हणजे तिथे नाव होतं, जमीन नव्हती.

माई_जोशी

वाटसरू, देणगीदारांच्या पायऱ्या 😄 आमच्या गावच्या देवळात एका पायरीवर माझ्या आजेसासऱ्यांचं नाव आहे, त्यावर पाय पडू नये म्हणून सासूबाई कायम ती पायरी गाळून चढायच्या.

सावनी_के

मास्तर, तुम्ही तर तासच घेतलात, धन्यवाद! पण ऊदाकचं काय? माझे दहा गुण तिथे अडकलेत.

भूमास्तर

येतो, येतो. नातवाला शाळेतून आणायचं आहे.

दर्यावर्दी

तोवर मी सांगतो.

१९७८ मध्ये डेन्मार्कचं मोजणी पथक कॅफेक्लुबेनवर गेलं, ते खरंच सर्वात उत्तरेला आहे का याची खातरजमा करायला. तिथून त्यांना आणखी उत्तरेला बर्फात एक काळा ठिपका दिसला. हेलिकॉप्टरने गेले. दगडगोट्यांचा एक ढीग. १५ मीटर बाय ८ मीटर, उंची जेमतेम मीटरभर. म्हणजे आपल्याकडचा दोन खोल्यांचा ब्लॉक. कॅफेक्लुबेनपासून १३६० मीटर उत्तरेला. झालं, नवा विक्रम! नाव दिलं ऊदाक.

ऊदाक हा माणूस होता. १९०९ मध्ये पिअरी ध्रुवावर पोहोचल्याचा दावा करतो, तेव्हा त्याच्याबरोबर पाच जण होते. मॅथ्यू हेन्सन हा कृष्णवर्णीय अमेरिकी, आणि चार इनुइट. ऊदाक, एगिंगवा, सीग्लू, ऊकेआ. गाड्या हाकल्या यांनी, बर्फाची घरं बांधली यांनी, कुत्री सांभाळली यांनी. फोटोत झेंडे धरून हेच उभे आहेत. पिअरी खरोखर ध्रुवावर पोहोचला का यावर अजून वाद आहेत, ते सोडा. पण या माणसाचं नाव जगाच्या टोकाला लागलं हे मला तरी बरं वाटलं होतं.

त्यानंतर तशाच ढिगांचं पीकच आलं. १९९६ मध्ये एक, २००३ मध्ये एक. दर वेळी 'हेच सर्वात उत्तरेचं'. आणि नंतर कोणी जाऊन पाहिलं की आधीचं बेट जागेवर नाही!

मालवणी_मिरची

आमच्या देवबागची आठवण इली.

कर्ली नदी समुद्राक मिळता तिकडे वाळूचो एक पट्टो आसा. त्याका आता सगळे 'त्सुनामी आयलंड' म्हणतत. २००४ च्या त्सुनामीत वर इला अशी सगळीकडे बोलवा. होडीवाले पर्यटकांक तीच गोष्ट सांगतत, भज्यांबरोबर. भरती इली की बेट गुडघाभर पाण्यात. माझो काको म्हणता, "वाळू होती तशीच होती, नाव मात्र त्सुनामीत वाहून इला."

(उरलेलं सर्वांना कळावं म्हणून प्रमाण मराठीत:) आता मला सांगा, भरतीला बुडतं ते बेट म्हणायचं का? तिकिटाचे पैसे तर बेटाचे घेतात.

भूमास्तर

आलो. मिरचीताई, उत्तम प्रश्न, आणि त्याचं लेखी उत्तर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रविषयक कायद्याचं १२१ वं कलम. बेट म्हणजे नैसर्गिकरीत्या तयार झालेली, चहूबाजूंनी पाणी असलेली आणि भरतीच्या वेळीही पाण्याच्या वर राहणारी जमीन. त्या हिशेबाने तुमचं त्सुनामी आयलंड नापास.

आणि ऊदाकची अडचण भरतीची नाहीच, ती 'जमीन' या शब्दात आहे. २०२१ च्या जुलैमध्ये डॅनिश आणि स्विस मंडळींचं पथक ऊदाकवर नमुने घ्यायला निघालं. हेलिकॉप्टरने उतरले, चिखल आणि दगडगोटे गोळा केले. अंदाजे ६० मीटर बाय ३० मीटरचा उंचवटा, पाण्यावर तीन-चार मीटर. परत आल्यावर कळलं, आपण ऊदाकवर नव्हतोच; त्याच्या नोंदलेल्या जागेपासून पाऊण किलोमीटरपेक्षा जास्त उत्तरेला होतो. म्हणजे चुकून नवा विक्रम. त्यांनी नाव सुचवलं 'केकर्ताक अवान्नार्लेक'. ग्रीनलंडच्या भाषेत केकर्ताक म्हणजे बेट, अवान्नार्लेक म्हणजे सर्वात उत्तरेचं. सावनीताईंनी पाहिलेलं लांबलचक चौथं नाव हेच असणार. जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं.

पण शास्त्रज्ञ भली माणसं. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, पुन्हा गेले, या वेळी मोजणीची सगळी आयुधं घेऊन. त्या ढिगांच्या आसपास समुद्र किती खोल आहे ते मोजलं, तर २५ मीटरपासून पंचेचाळीसच्या पुढे! आता एवढ्या खोल पाण्यातून चारच मीटर वर आलेला दगडगोट्यांचा ढीग उभा कसा राहील? तो पसरत पसरत तळाला केवढा रुंद व्हायला हवा. तसं काही खाली नव्हतं. निष्कर्ष असा की हे सगळे ढीग म्हणजे तळाला टेकलेले सपाट हिमनग आहेत आणि त्यांच्या पाठीवर दगडमाती आहे. ही दगडमाती जवळच्या हिमनद्यांची. हिमनदी डोंगर खरवडत येते, तिच्या अंगावर दगड असतात, तिचा तुकडा तुटून समुद्रात जातो आणि उथळ जागी तळाला रुततो. काही वर्षं राहतो, मग वितळतो किंवा सरकतो. म्हणून बेटं 'गायब' होत होती.

म्हणजे ऊदाक बाद, केकर्ताक अवान्नार्लेक बाद, आणि कॅफेक्लुबेन पुन्हा गादीवर. सातवीतल्या मुलीचं उत्तर बरोबर.

सावनी_के

अगं बाई. म्हणजे मी दहा गुण बर्फाला दिले.

टवाळ_टोणगा

बर्फाचा गोळा. कालाखट्टा मारके.

वऱ्हाडी_पाहुणा

माह्या मते करंडक फ्रीजमधी ठेवा. ज्याचं बेट वितळन तो हारला.

खडूस_काका

इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही.

सगळे हसताय, पण नीट बघा काय झालं ते. न्यूयॉर्कच्या बँकवाल्याला मिळालं पक्कं खडकाचं टोक. कोपनहेगनच्या प्राध्यापकांच्या कॉफीला मिळालं खरं बेट. आणि ज्या माणसाने ध्रुवापर्यंत गाडी हाकली त्या ऊदाकला मिळाला नुसता बर्फ, तोही जागेवर राहिला नाही. आणि त्यांच्या भाषेतलं दुसरं नाव दिलं ते पण बर्फालाच! याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा. गोऱ्यांनी नकाशा भरताना जे उरलं ते १९७८ मध्ये आणि २०२१ मध्ये वाटलं, एवढाच अर्थ.

चकली

काका, हे वाचून हसू थांबलं. मुद्दा आहे.

वाटसरू

खडूसकाका, अर्धं मान्य. पण कॅफेक्लुबेनला ग्रीनलंडच्या भाषेतलं नाव आहे. 'इनुइत केकर्ताअत', म्हणजे इनुइटांचं बेट. आणि इनुइत या शब्दाचा अर्थच मुळात 'माणसं'. माणसांचं बेट. जिथे एकही माणूस राहत नाही तिथे. नकाशावर दोन्ही नावं असतात, छापणारे एकच छापतात.

खडूस_काका

नाव असणं आणि घेतलं जाणं यात फरक असतो. इथे इतके प्रतिसाद झाले, ते नाव आता पहिल्यांदा आलं. माझ्यासकट.

नॉर्वेकर

अवांतर: हान्स बेट विसरू नका! ग्रीनलंड आणि कॅनडाच्या एल्समिअर बेटाच्या मधोमध, सव्वा चौरस किलोमीटरचा उघडाबोडका खडक. ते नाव हान्स हेंड्रिक या ग्रीनलंडच्या इनुइट वाटाड्याचं. म्हणजे काका, एकाला तरी पक्का खडक मिळालाय. स्थानिक नाव तार्तुपालुक, मूत्रपिंडाच्या आकारावरून. १९८४ पासून कॅनडाचे सैनिक जाऊन आपला झेंडा आणि व्हिस्कीची बाटली ठेवायचे, डॅनिश जाऊन झेंडा बदलायचे आणि त्यांच्या दारूची बाटली ठेवायचे. २०२२ मध्ये शेवटी बेट मधोमध वाटून घेतलं. बांधावरून भांडणारे आपले भाऊबंद यांच्याकडे शिकवणीला पाठवायला हवेत.

वऱ्हाडी_पाहुणा

आमच्याकडं बांधावर बाटली ठेवली तं सकाळी बाटली बी नाही आन् बांध बी नाही.

वास्कोचा_आतिश

मी वास्कोत राहतो. आपलं ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र आहे ना, सडा भागात, समुद्राकडे तोंड करून, त्याच्याशी कामानिमित्त संबंध आला आणि एका उन्हाळ्यात महिनाभर 'हिमाद्री'वर राहायचा योग आला. हिमाद्री म्हणजे भारताचं आर्क्टिकमधलं केंद्र, २००८ पासून चालू आहे, नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये न्यू-ओलेसुंद या गावी. ७९ अंशांना जरा कमी. कॅफेक्लुबेन तिथून आणखी पाचशे किलोमीटर उत्तरेला सरकलेलं, म्हणजे मी काही ध्रुवाचा माणूस नाही. पण दगड पाठीवर घेतलेला हिमनग मी हाताने चाचपलाय, म्हणून लिहितो.

आमच्या समोरच्या खाडीत, कोंग्सफ्योर्डमध्ये, हिमनदीचे तुकडे सतत तरंगत येतात. बहुतेक पांढरे नाहीतर काचेसारखे निळे. एक दिवस किनाऱ्याजवळ काळपट काहीतरी दिसलं. मला वाटलं खडक उघडा पडलाय. ओहोटी होती, चालत जवळ गेलो (एकटा नाही, सोबत बंदूकधारी असल्याशिवाय गावाबाहेर पाय ठेवायचा नाही, अस्वलं). जवळ गेल्यावर कळलं, हा बर्फ आहे. वर वीतभर चिखल, त्यात मुठीएवढे, नारळाएवढे दगड, काही धारदार, काही गोट्यासारखे. वरून पूर्ण कोरडं! हात लावला तर उन्हाने कोमट. बुटाच्या टोकाने चिखल जरा उकरला आणि खाली कचकन काळा, टणक बर्फ. आणि मग आवाज ऐकू आला. सगळ्या कडांवरून टप टप टप पाणी गळत होतं, आणि मधूनच एखादा खडा सुटून पाण्यात डुबुक. त्याच्यावर उभं राहून, न उकरता, कोणी मला विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की ही जमीन आहे. म्हणून १९७८ च्या लोकांना मी तरी हसणार नाही. वरचा चिखल उन्हापासून खालचा बर्फ झाकून ठेवतो, त्यामुळे असला हिमनग जास्त टिकतो.

तीन दिवसांनी भरतीने तो नेला. आम्ही त्याचं नाव ठेवलं होतं 'बोंडला'. गोव्यातल्यांना कळेल. कारण विशेष काही नाही, एकाला घरची आठवण येत होती.

माई_जोशी

आतिश, किती छान लिहिलंत! आणखी लिहा ना तिथलं. जेवायचं काय करायचात?

वास्कोचा_आतिश

माई, गावाची सामाईक खानावळ आहे, सगळ्या देशांचे लोक तिथेच. मासे असायचे, त्यामुळे गोंयकाराला चिंता नाही, फक्त आंबोट-तिखटाची याद. घरात शिरताना बूट बाहेर काढायचे, ही तिकडची पद्धत जुन्या कोळसा खाणींपासूनची आहे. मला एकदम आपलेपणा वाटला. दारांना कुलूप घालत नाहीत, अस्वल मागे लागलं तर कुणालाही कुठल्याही घरात शिरता यावं म्हणून. आणि वायफाय, ब्लूटूथ बंद, तिथल्या रेडिओ दुर्बिणीला त्रास होतो. महिनाभर संध्याकाळी लोक एकमेकांशी बोलायचे. कॉफी पीत. 🙂

मुद्द्याला धरून सांगायचं तर, त्या कॉफीच्या टेबलाचं नाव एखाद्या बेटाला द्यावंसं मलाही वाटलं असतं.

दर्यावर्दी

आतिशभाऊंच्या शेवटच्या ओळीवरून आठवलं. लाउगे कोकबद्दल एक गोष्ट कोणी लिहिली नाही.

१९२१ ही त्याची तिकडची पहिली खेप नव्हती. १९१७ मध्ये पंचविशीचा असताना तो क्नुड रासमुसेनच्या मोहिमेत उत्तर ग्रीनलंडला गेला होता. परतीच्या वाटेवर शिकार मिळेना. कुत्री मारून खायची वेळ आली. हेंड्रिक ओल्सेन हा ग्रीनलंडचा सोबती शिकारीला गेला तो परत आलाच नाही. रासमुसेन मदत आणायला पुढे गेला. मागे राहिलेल्यांत थोरिल्ड वुल्फ हा स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञ होता. तो इतका खचला की एका ठिकाणी त्याने सांगितलं, मी आता चालत नाही. तिथे बसून त्याने त्या भागातल्या वनस्पतींच्या शेवटच्या नोंदी कोकला सांगितल्या, कोकने लिहून घेतल्या. मग त्याला तिथेच सोडून बाकीचे निघाले.

हा माणूस चार वर्षांनी त्याच किनाऱ्यावर परत येतो, आणि एका बेटावर उभा राहून त्याला काय आठवतं, तर कोपनहेगनची ऊबदार खोली आणि कॉफी. मला त्यात विनोद दिसेना. तुम्ही उपाशी असताना तुम्हाला राजाचं नाव आठवेल की आईच्या हातच्या चहाचं?

माई_जोशी

🙏

खडूस_काका

हे माहीत नव्हतं. कॉफी क्लबवरचा माझा राग मागे घेतो. जेसपवरचा नाही.

भूमास्तर

दर्यावर्दी, उत्तम. त्याला एक कडवट शेपूटही आहे. १९३५ मध्ये कोकच्या ग्रीनलंडवरच्या पुस्तकाची अकरा डॅनिश भूगर्भशास्त्रज्ञांनी मिळून जाहीर चिरफाड केली आणि प्रकरण पार कोर्टात गेलं. त्या अकरांपैकी कितीजण कॉफीला बसणारे होते कोण जाणे! बेट तेवढं शाबूत राहिलं.

टवाळ_टोणगा

म्हणजे आपल्यासारखाच कट्टा की. संपादक, या धाग्यावर कोर्टात जायच्या आधी प्रतिसाद बंद करा.

रानफूल

एवढं सगळं झालं आणि त्या बेटावर उगवतं काय हे कोणीच विचारलं नाही, म्हणून मीच सांगते. दगड आणि बर्फ एवढंच नाही तिथे. शेवाळ आहे, दगडफूल आहे (हो, तेच कूळ, पण मसाल्यात घालू नका), जांभळी सॅक्सिफ्राज आहे, आणि आर्क्टिक पॉपी. पॉपी म्हणजे आपल्या खसखशीच्या भावकीतली. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत तिथे सूर्य उगवत नाही. पाऊस-बर्फही अगदी कमी, वाळवंटच ते. एप्रिल ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत सूर्य मावळत नाही. त्यातले जुलै-ऑगस्टचे काही आठवडे जमीन वरवर वितळते, तेवढ्यात या झाडांना फुलून, बी धरून मोकळं व्हायचं असतं. सॅक्सिफ्राज जमिनीला चिकटून उशीसारखी वाढते, बोटभरही उंच नाही. पॉपीची फुलं वाटीसारखी असतात आणि दिवसभर सूर्याच्या मागे तोंड फिरवतात. चोवीस तास. त्यांची मान दुखत नसेल का, असं मला कायम वाटतं.

वुल्फच्या शेवटच्या नोंदी वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या धंद्यातला माणूस.

नॉर्वेकर

अजून एक सांगतो आणि थांबतो. त्या सगळ्या परिसराला ईशान्य ग्रीनलंड राष्ट्रीय उद्यान म्हणतात. जगातलं सर्वात मोठं. ९ लाख ७२ हजार चौरस किलोमीटर. तीन महाराष्ट्र बसतील आणि कायम राहणारा माणूस एकही नाही. डॅनिश सैन्याची कुत्र्यांच्या गाड्यांची गस्त असते, सिरियस नावाची. एकेका तुकडीत दोन माणसं आणि डझनभर कुत्री.

वऱ्हाडी_पाहुणा

तीन महाराष्ट्र आन् माणूस नाही. म्हंजे आचारसंहितेची गरज नाही.

सावनी_के

मंडळी, दंडवत. एका करंडकावरून इथपर्यंत आलो.

निर्णय घेतला. बी विंगचे दहा गुण काढून सी विंगला देतेय. त्यामुळे सी विंग पाच गुणांनी जिंकते. उद्या सोसायटीच्या फलकावर लावते. हा धागा छापून सोबत जोडते, म्हणजे भांडायला कोणी माझ्या दारात यायला नको.

अण्णा_बी_४०२

सावनी, मी तुमच्या वरच्याच मजल्यावर राहतो. बी विंगच्या गटात माझा नातू आहे. सात वर्षं या संस्थळावर वाचनमात्र आहे, आज पहिला प्रतिसाद देतोय, नाइलाजाने.

तुम्ही प्रश्न विचारलात तेव्हा उत्तर कुठल्या पुस्तकातलं धरणार हे जाहीर केलं नव्हतं. नातवाने त्याच पुस्तकातून पाठ केलं होतं, कारण मागच्या वर्षी तुम्हीच ते त्याला बक्षीस दिलं होतंत.

टवाळ_टोणगा

🍿 सरकून बसा रे.

चकली

हे भगवान 😂😂😂

सावनी_के

अण्णा!! तुम्ही इथे?! आणि पुस्तक मी दिलं होतं हे खरं आहे. आता काय करू?

नॉर्वेकर

बेट मधोमध वाटा. दोन्हीकडून एकेक बाटली. (पन्ह्याची.)

भूमास्तर

अण्णासाहेब, शिक्षक म्हणून सांगतो, पाठ्यपुस्तकात चूक असेल तर मुलाचे गुण कापत नाहीत. पण बरोबर उत्तर देणाऱ्याचेही कापत नाहीत. दोघांना दहा द्या.

सावनी_के

मास्तर, दोघांना दहा दिले तर बी विंग पाच गुणांनी पुढे राहते. म्हणजे करंडक पुन्हा बी कडे.

खडूस_काका

त्या मुलीला विचारलंत का कोणी? उत्तर तिने दिलं होतं.

सावनी_के

आत्ता खाली जाऊन विचारून आले. ती म्हणाली, "करंडक राहू दे काकू, पण पुढच्या वर्षी प्रश्न मी काढणार." आणि अण्णांचा नातू तिच्याच घरी बसला होता, दोघं गूगल अर्थवर कॅफेक्लुबेन शोधत होते. तिथे नुसता पांढरा ठिपका दिसतो म्हणून त्याचं म्हणणं होतं की हे पण बर्फच आहे.

अण्णा_बी_४०२

त्याला वर पाठवा, जेवायची वेळ झालीय.